शकुंतलेची मुद्रिका

यंदा दिवाळीस घरची सर्व मंडळी दारव्हा तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं जमली होती. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीं दुपारीं पानसुपारी चालली असतां गांवांतील चार प्रतिष्ठित गृहस्थ ओसरीवर आले आणि त्यांनीं सात पानांचा एक टंकलिखित कागद आमच्यापुढें ठेविला. तो केंद्र व राज्य या दोन्ही सरकारांस उद्देशून लिहिलेला अर्ज होता. मागणी अशी कीं, यवतमाळ-मूर्तिजापूर ही बंद पडलेली आगगाडी रुंद रुळांवर पुन्हां सुरू करावी आणि त्यासाठीं लागेल तें अनुदान मंजूर करावें. आम्हीं सही करावी, आणि लिहिण्याचा व्यवसाय करणारे म्हणून भाषेवरून एकदां हात फिरवावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

आम्हीं अर्ज दोनदां वाचला व लेखणी खालीं ठेविली. भाषेंत दोष नव्हता. किंबहुना भाषाच फार होती. पहिल्या तीन पानांत त्या गाडीचें, जिला सारें वऱ्हाड 'शकुंतला' म्हणतें तिचें, मोठें हृदयंगम वर्णन होतें. चौथ्या पानावर विदर्भावरील अन्याय, पांचव्या-सहाव्यावर निरनिराळ्या पुढाऱ्यांस विनंति, आणि सातवें सह्यांसाठीं मोकळें. या सात पानांत सालें वगळतां एकही आंकडा नव्हता. या मार्गानें वर्षाकाठीं कोणता माल जाईल, किती जाईल, आज तो कोणत्या वाटेनें जातो आणि त्यास काय खर्च येतो, याविषयीं एक ओळसुद्धां नव्हती. आम्हीं तसें बोलून दाखवितांच मंडळी किंचित् हिरमुसली. त्यांतील सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "अहो, माहेरवाशिणीला परत आणायची तर तिची आठवण सांगायची, कां तिचें वजन सांगायचें?" सर्वांबरोबर आम्हीही हंसलों. पण तो प्रश्न मनांतून गेला नाहीं, आणि म्हणून या महिन्याचें पान त्यालाच द्यावें असें ठरविलें आहे.

ज्या वाचकांस ही गाडी ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली. ती वऱ्हाडांतून गेली खरी, परंतु आमचा जिल्हा तिच्या दक्षिणेस राहिला. त्या वेळीं त्याला वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हें नांव १९०५ सालचें. यवतमाळास जवळचें स्टेशन म्हणजे २९ मैलांवरील धामणगांव, आणि जिल्ह्याचा कापूस बंड्यांत भरून त्या सडकेनें तेथें जाई. कापसाच्या वाहतुकीची एक खोड आहे, ती गृहिणींसही उशा-गाद्यांवरून ठाऊक असेल: त्याचें वजन थोडें व पसारा फार. बंडी असो कीं आजचा ट्रक, वजन पुरें होण्याआधीं जागा भरते. म्हणजे कापसापेक्षां वाऱ्यालाच भाडें अधिक पडतें. सरकी निघून, रुई दाबून तिची गठाण झाली कीं हा पसारा आटोपतो. तेव्हां शेतापासून जिनापर्यंतचा सुट्या कापसाचा प्रवास हाच मैलामागें सर्वांत महाग असतो. धामणगांव अमरावती जिल्ह्यांत असून भरभराटलें तें पुष्कळसें यवतमाळच्या मालावर, यांत नवल नाहीं.

त्याच काळांत सरकारनें खामगांव व अमरावती या दोन बाजारपेठांस स्वतःच्या खर्चानें रेल्वेचे फांटे काढून दिले. खामगांवचा फांटा अवघा आठ मैलांचा. पण १८७० सालीं तो उघडण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. आठ मैलांसाठीं व्हाइसरॉय कां यावा? अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीनें मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता आणि वऱ्हाडच्या कापसाकडे विलायतेचे डोळे लागले होते. मध्यप्रांत व वऱ्हाड यांकरितां रिव्हेट-कार्नॅक नांवाचा स्वतंत्र कापूस-कमिशनर नेमलेला होता. कापूस कोठें पिकतो, कोणत्या बाजारांत उतरतो, वाटेंत कोठें अडतो, हें पाहून त्याचे अहवाल धाडणें त्याच्याकडे होतें. हे फांटे आधीं कागदावर गठाणींच्या हिशेबानें बांधले गेले, आणि मग जमिनीवर रुळांनीं.

शकुंतलेची गोष्टही निराळी नाहीं. १८५७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या किलिक, निक्सन आणि कंपनीनें १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मुख्य मार्गावरील मूर्तिजापूर हें मध्य धरून उत्तरेस अचलपुरापर्यंत ७६ किलोमीटर आणि दक्षिणेस कारंजा व दारव्हा यांवरून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर असा हा अडीच फुटी अरुंद मार्ग झाला. अशा फांट्यांच्या कंपन्यांस त्या काळीं सरकार जमीन फुकट देई, आणि शिवाय भांडवलावर कांहीं किमान व्याजाची हमी तरी घेई किंवा मुख्य मार्गाच्या वाढलेल्या उत्पन्नांतून कांहीं भाग तरी परत करवी. अनुदान हा शब्द तेव्हां प्रचारांत नसेल, वस्तु तीच होती. आणि ती मिळविण्यासाठीं गोऱ्या व्यापाऱ्यांनीं सरकारास शिळेचें माधुर्य सांगितलें नव्हतें.

मँचेस्टरांत १९२१ सालीं घडविलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांवर, या मार्गावर राबलें. त्यानंतर डिझेलचें आलें. पण रोग इंजिनांत नव्हताच. मार्गाची मालकी कंपनीची आणि गाडी चालविणें आधीं जी. आय. पी.चें व पुढें सरकारी रेल्वेचें, अशी ही व्यवस्था स्वराज्यानंतरही तशीच राहिली. उत्पन्नांतील वांटा मालकास जाई. रुळांवर मोठा खर्च घालण्याची निकड मात्र कोणासच नसे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचा सामाईक वाडा असेल त्यांस यापेक्षां अधिक सांगावयास नको. पावसाळ्यांत गळणारें छप्पर कोणाच्या खोलीवर आहे यावरून दोन वर्षें पत्रव्यवहार होतो, आणि तिसऱ्या वर्षीं आढें खालीं येतें. बारभाईंची शेती, काय लागणार हातीं, असें म्हणतात. येथें तर भाई दोनच होते.

दुसरा रोग मूर्तिजापुरास होता. अरुंद मार्गावरील डबा रुंद मार्गावर जात नाहीं; म्हणून प्रत्येक गठाण तेथें उतरवून दुसऱ्या डब्यांत चढवावी लागे. हमाली दोनदां, खोळंबा दोनदां, आणि फाटतूट होईल ती निराळी. जिनाच्या दारांत भरलेला ट्रक थेट गिरणीच्या दारांत जाऊं लागला त्या दिवशींच या मार्गाचें आयुष्य संपलें होतें. माल आधीं गेला; गाडी उतारूंवर आणखी कित्येक वर्षें कशीबशी चालली. म्हणूनच आज लोकांस आठवतात त्या उतारूंच्या गोष्टी, आणि जिच्यासाठीं हे रूळ पडले ती गठाण कोणास आठवत नाहीं. २०१६ सालीं तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभु यांनीं या मार्गाच्या रुंदीकरणाची घोषणा केली व सुमारें १,५०० कोटि रुपयांचा आंकडाही सांगितला. पण घोषणेनें रूळ हलत नसतात.

नांवावरून कालिदास आठवतो, त्याला आमचा इलाज नाहीं. दुष्यंताच्या दरबारीं शकुंतला गेली ती केवळ आठवणी घेऊन गेली. मुद्रिका वाटेंत नदींत पडली होती. राजा दुष्ट नव्हता. त्यास शापामुळें आठवत नव्हतें, आणि खूण पटल्याशिवाय तो ओळख देईना. सरकार नांवाच्या राजावरही असाच कांहीं शाप आहे. एका टेबलावरचा मनुष्य बदलून दुसरा आला कीं आधींचें सर्व विसरतें. कागदावर खूण असेल तेवढीच ओळख राहते. आमच्या मंडळींच्या अर्जांत शकुंतला होती, मुद्रिका नव्हती.

ती कोठें शोधावी या विचारांत आम्ही असतां आमच्या थोरल्या काकूंनीं, ज्यांस घरांत सर्व माई म्हणतात, माजघरांतून हांक मारली. माई ऐंशीच्या पुढें आहेत. लग्न होऊन कारंजाहून दारव्ह्यास त्या शकुंतलेनेंच आल्या, तेव्हां गाडीवर त्यांचें प्रेम असणें साहजिक आहे. काका गेल्यावर शेतीचा सर्व व्यवहार त्यांनींच पाहिला, आणि या व्यवहाराच्या वह्या त्यांच्या लोखंडी पेटींत आहेत हें आम्हां पुरुषमंडळीस ठाऊक असूनही त्या उघडून पाहण्याचें कोणास सुचलें नव्हतें. "तुमच्या मेल्या अर्जाला आंकडे हवे आहेत ना?" असें म्हणून त्यांनीं तांबड्या बासनांत बांधलेल्या एकोणीस वह्या पुढें ढकलल्या. बंडीभाडें, हमाली, तोलाई, अडत, कडता, बाजारांत मुक्काम पडल्यास बैलांचा चारा व गड्याचें जेवण, सर्व कांहीं तारीखवार. वऱ्हाडांत कापसाच्या बाजाराचा कायदा १८९७ सालींच झाला, आणि कारंजाचा बाजार तर त्याच्याही आधीं, १८८६ सालीं, नियमाखालीं आला होता. त्यामुळें मापाविषयींची जागरूकता माईंच्या माहेरींच मुरलेली असावी, असें आम्ही गमतीनें म्हणालों. त्यांस तें आवडलें नाहीं. "मापाचं नाही, पै पैशाचं होतं," एवढेंच त्या म्हणाल्या.

पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या व त्याची बहीण यांनीं दोन रात्री बसून त्या वह्यांचा गोषवारा काढला. रकमा येथें छापीत नाहीं, कारण त्या एका घरच्या आहेत व त्यांवरून जिल्ह्याचें अनुमान कोणीं करूं नये. परंतु जें निघालें त्यानें आम्ही सर्व चकित झालों. शेतांतून निघालेला कापूस विकला जाईपर्यंत जो वाहतुकीचा खर्च पडे, त्यापैकीं निम्म्याहून अधिक शेत ते डांबरी सडक एवढ्या अडीच किलोमीटरांतच पडत होता. सीतादही होऊन पहिली वेचणी निघते त्याच सुमारास परतीचा पाऊस येतो. आमची पांदण काळ्या मातीची; मध्यें एक नाला. बंडी रुतली म्हणजे माल अर्धा उतरवून दोन खेपा. ट्रॅक्टर आल्यावर सुधारणा होईल असें वाटलें होतें. तों ट्रॅक्टर नाल्यापाशींच उभा राहूं लागला व तेथवर गाठोडीं डोक्यावरून नेण्याची मजुरी वाढली. ज्या वर्षीं पाऊस लांबला त्या वर्षांच्या पानांवर माईंच्या हातचा एकच शेरा पुनःपुन्हां आहे: "कापूस घरांत. वाट नाही." आणि घरांत राहिलेला कापूस पुढें गर्दीच्या आठवड्यांत, भाव पडल्यावर, बाजारांत गेलेला दिसतो. तें नुकसान तर वाहतुकीच्या रकान्यांत येतही नाहीं. एका वर्षीं त्यासाठीं त्यांनीं हातांतल्या पाटल्या गहाण ठेविल्या होत्या, हें आम्हांस त्या वहींतूनच कळलें.

म्हणजे उद्यां रुंद रुळांची गाडी दारव्ह्यास खरोखरच आली, तरी आमच्या घरच्या खर्चाचा मोठा भाग जागच्या जागीं राहील. हें कळल्यावर अर्ज कोणाकडे व कशासाठीं करावा हा प्रश्नच नव्यानें उभा राहिला.

सरकारी पैसा कसा सुटतो याचा थोडा इतिहास येथें उपयोगी आहे, आणि त्यांत आपल्या माणसांचा हात मोठा आहे. १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें रस्त्यांविषयीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्त्यांचें ओझें प्रांतांस व जिल्हा बोर्डांस एकट्यानें उचलत नाहीं, तर जो मोटार चालवितो त्याच्या पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे अधिक कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यांकडेच लावावा, असें तिनें सुचविलें. १९२९ सालीं त्यांतून रस्ता-निधि उभा राहिला. पुढें १९४३ सालीं देशांतील मुख्य इंजिनियरांची परिषद नागपुरास भरून वीस वर्षांची योजना झाली. चांगल्या लागवडीच्या मुलुखांत कोणतेंही खेडें मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर नसावें, असें तिनें धरलें. एकविसावें शतक उजाडतां उजाडतां, २००० च्या डिसेंबरांत, पंतप्रधान ग्रामसडक योजना निघाली, तिलाही इंधनावरील कराचाच आधार देण्यांत आला.

आणि अन्याय मोजतां येतो हेंही एका मराठी माणसानेंच दाखवून दिलें. १९८३ सालीं महाराष्ट्र सरकारनें प्रो. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. दांडेकरांनीं एकेक जिल्हा घेऊन रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण अशा एकेका खात्यांत तो राज्याच्या सरासरीपेक्षां किती मागें आहे तें काढलें आणि तेवढें भरून काढण्यास किती रुपये लागतील तें लिहिलें. १९८४ च्या अहवालांत ही रक्कम सुमारें ३,१८७ कोटि भरली. 'अनुशेष' हा शब्द तेव्हांपासून घरोघर गेला. त्यापूर्वीं विदर्भाचें दुःख सभांतून सांगितलें जात नव्हतें असें नाहीं. परंतु रकाने पाडून लिहिल्यावर तें वाचणें सरकारास भाग पडलें. पुढें किती भरून निघालें हा वेगळा व कटु विषय आहे. १९९४ सालीं स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदतही २०२० च्या एप्रिलांत संपली. अडचणीच्या काळांत मिळालेल्या मदतींतही वाहतूक मागेंच राहिलेली दिसते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं सारा देश हादरला तेव्हां २००६ सालीं केंद्रानें विदर्भाच्या सहा जिल्ह्यांस, त्यांत यवतमाळास, ३,७५० कोटींचें साहाय्य जाहीर केलें. त्याचे मोठे वांटे पाटबंधारे व कर्जाचें व्याज यांचे होते. पिकलेला माल बाजारापर्यंत कसा जावा, हा प्रश्न त्यांत पुढें आलेला नव्हता.

रेल्वेची मात्र एक स्वतंत्र अडचण आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरांच्या नव्या रुंद मार्गास २००८-०९ सालीं मंजुरी मिळाली. हा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद असाच जावयाचा आहे. खर्चांत रेल्वेचे ६० टक्के व राज्याचे ४० टक्के असा करार. पैकीं वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४ च्या फेब्रुवारींत उघडला. म्हणजे चाळीसएक किलोमीटरांस पंधरा वर्षें. जमीन-संपादन, नद्या, घाट ही कारणें खरीं आहेतच. पण दोन तिजोऱ्यांतून येणारा पैसा बहुधा हळूंच येतो, एक दुसरीकडे पाहत राहते. इकडे नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटर झाला आणि २०२५ च्या जूनमध्यें शेवटपर्यंत उघडला; तो आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेकडून जातो, आंत येत नाहीं. त्यावर चढावयाचें तर धामणगांव किंवा कारंजा! दीडशें वर्षांनीं बंडीचा रस्ता ट्रकला पुन्हां सांपडला.

याच जिल्ह्यांत वणीकडे मात्र असें झालें नाहीं. तेथें कोळशाच्या खाणींपर्यंत रूळ गेले व अखंड मालगाड्या चालतात. वणीचे पुढारी अधिक वजनदार होते असें कोणी म्हणेल. आमच्या मतें कोळसा अधिक वजनदार होता. तो बारमहा निघतो, एका विकणाऱ्याकडून मोजक्या गिऱ्हाइकांकडे जातो आणि त्याचा प्रत्येक डबा कोठेंतरी लिहिलेला असतो. कापूस चार महिने येतो, हजार घरांतून येतो, आणि त्याचा हिशेब असलाच तर एखाद्या माईच्या पेटींत असतो. २०२० सालीं किसान रेल्वे निघाली तेव्हां फळें व भाजीपाला यांच्या भाड्यांत निम्मी सूट मिळाली. नागपुरी संत्रीं तीवर लांब गेलीं. कापूस त्या यादींत नव्हता. खुद्द रेल्वेच्या मालधक्क्यांचेंही धोरण २०२१ पासून असें आहे कीं, ज्याला माल धाडावयाचा त्यानेंच भांडवल घालून धक्का उभारावा. तेथें अनुदान मागणें म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणें होय.

तेव्हां तिसऱ्या दिवशीं तीच मंडळी पुन्हां ओसरीवर बसली असतां आम्हीं सुचविलें कीं, एका अर्जाचे तीन करावे. पहिला पांदण व नाल्यावरील मोरीचा. राज्याची मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ पासून आहे. रोजगार हमीच्या पैशाशीं सांगड घालून तींत असली कामें होतात, आणि अर्ज ग्रामपंचायतीकडून जातो. दुसरा गांवांत साठवणाच्या कोठाराचा, म्हणजे गर्दीच्या आठवड्यांत माल फेंकावा लागणार नाहीं. त्यासाठीं केंद्राचा २०२० चा कृषि पायाभूत निधि आहे; तो दान नव्हे, कर्ज आहे, पण दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षेंपर्यंत तीन टक्के व्याज सरकार भरतें. तिसरा रेल्वेचा; परंतु त्यांत आठवणींऐवजीं दारव्हा, दिग्रस, नेर येथील जिनांतून हंगामांत किती गठाणी निघतात, किती सरकी व ढेप बाहेर जाते, खत व सिमेंट किती येतें, हें लिहावें; आणि गाडीच्या आधीं मालधक्क्याचा आग्रह धरावा. शिवाय तिन्ही अर्जांत एक परिच्छेद असावा कीं, बांधून झाल्यावर डागडुजी कोण करील व तिचा पैसा कोठून येईल. शकुंतलेच्या बाबतींत हाच परिच्छेद शंभर वर्षें कोणीं लिहिला नाहीं.

वयोवृद्ध गृहस्थांस हें सर्व पटलें नाहीं, आणि त्यांचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. ते म्हणाले, "गठाणी मोजाल. पण त्या गाडीनें दहा-वीस रुपयांत बाई दवाखान्यांत जाई, पोरगें शाळेंत जाई. तें कोणत्या रकान्यांत घालाल?" आमच्याजवळ याचें उत्तर नव्हतें. पुतणीनें मात्र सांगितलें कीं, तेंही मोजतां येईल. आज त्याच प्रवासाला बसचें व ऑटोचें काय पडतें व किती मुली त्यामुळें दहावीनंतर घरीं राहिल्या, हें गांवांत विचारून लिहूं. गृहस्थ कांहीं वेळ गप्प राहिले व मग आपल्या नातीचें नांव पहिलें लिहा म्हणाले.

अडचण आली ती निराळ्याच बाजूनें. रेल्वेच्या अर्जावर सर्वांच्या सह्या चटकन झाल्या. पांदणीचा अर्ज फिरूं लागला तेव्हां मात्र दोघांतिघांस अचानक कामें निघालीं. कारण उघड होतें. पांदणीचें काम निघावयाचें तर आधीं मोजणी होणार, आणि नकाशावर जी पांदण अठरा फुटांची आहे ती जागेवर कोठें दहा, कोठें आठ फूट उरली आहे. दोन्ही कडचे बांध वर्षाला एकेक तास आंत सरकत आले आहेत. एका अडत्यानेंही गेल्या पांच वर्षांची आवक सांगण्यास नकार दिला. तो आंकडा आणखी कोणत्या खात्याकडे जाईल याची त्याला भीति होती. त्याला आम्ही दोष देत नाहीं. पुतण्यानें उपाय काढला आहे: पहिल्या वेचणीपासून संक्रांतीपर्यंत नाल्यापाशीं गांवचीं चार मुलें पाळीपाळीनें बसून जाणाऱ्या प्रत्येक बंडीची व ट्रॅक्टरची नोंद करतील. वही माईंनीं दिली आहे, पहिल्या पानावर श्रीकार घालून.

बांधांचें मात्र वहीनें भागण्यासारखें नव्हतें. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं जुना नकाशा पसरला, आणि कंदिलासारखा दिवा धरून पुतण्या मापें वाचूं लागला. नाल्याच्या अलीकडे, पांदण जेथें सर्वांत अरुंद आहे व बंड्या जेथें रुततात, तेथें उजव्या हाताचा बांध आमचाच निघाला. सहा फूट आंत, सुमारें दोनशें फूट लांब. तो कोणत्या पिढींत सरकला हें सांगण्यास कोणी हयात नाहीं. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग माई म्हणाल्या, "माझ्या वह्यांत 'वाट नाही' असं लिहीत होते मी, ती वाट आपल्याच कपाशीखाली होती म्हणायची. उद्या गड्याला सांगून बांध काढून घ्या."

तो उद्यां अजून आलेला नाहीं. शेत सामाईक आहे. सातबाऱ्यावर नऊ नांवें आहेत, त्यांपैकीं सातांनीं दिवाळींतच होकार दिला; एक बंधु परदेशीं आहेत, त्यांचा फोनवर आला. नववे नागपुरास असतात. ते म्हणतात, बाकीचे बांध आधीं निघूं द्या. त्यांस आम्हीं माईंच्या वह्यांतील चार पानांच्या नकला पाठविल्या आहेत, पाटल्यांच्या पानासह. उत्तर यावयाचें आहे.